तायडे मास्तरांचा चोरटा वर्ग

आमच्या मळ्याच्या कुंपणापलीकडे सहदेव तायडे राहतो. अकोल्याच्या कोर्टात वऱ्हांड्यातल्या पत्र्याखाली बसून तो अर्ज टाईप करतो. उंच, काटकुळा, शर्ट कधीही पाहा, नुकताच धुवून वाळवल्यासारखा. बोटांना मात्र स्वस्थता नाही. जेवायला बसला तर ताटाच्या काठावर टकटक, बाजेवर टेकला तर लाकडावर टकटक. त्याची बायको मैनाबाई म्हणते, "झोपेतही माझ्या पाठीवर एक अख्खा अर्ज मारला यायनं. मुदतवाढीचा होता म्हणे."

मला दुसऱ्यांच्या घरात डोकावायची सवय आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो. मळ्याला राखण लागते, म्हणून मी कुंपणापाशी बसतो. आता कुंपणाच्या पलीकडे माणसं राहतात, यात माझा काय दोष?

सहदेव मूळचा अकोटकडच्या खेड्यातला. बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार. पोरगं हुशार निघालं म्हणून अमरावतीला वसतिगृहात घातलं. तिथं शाळा सुटली की तो एका टायपिंगच्या क्लासात झाडलोट करायचा. त्या बदल्यात मालक त्याला सकाळी यंत्रावर अर्धा तास बसू द्यायचा. अर्धा तास संपला की बाकावर कळांचं चित्र खडूनं काढून त्यावर बोटं चालवायची. पुढे बडनेऱ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिठ्ठ्या टाईप करायचं काम मिळालं. छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि त्यानंतर वर्षभरात अकोल्याच्या कोर्टात येऊन बसला. आमच्या चुलतभावानं त्याला कुंपणालगतची जागा विकली, तेव्हा भावकीत थोडी कुजबुज झाली. माझ्या बायकोनं, पार्बतेनं, पहिलं वर्षभर मैनाबाईच्या हातचं पाणी घेतलं नाही, हेही लिहून ठेवतो, लपवून काय करू? आता दोघी एकाच पाट्यावर मिरच्या वाटतात आणि वाटता वाटता आम्हा दोघा नवऱ्यांनाही वाटून घेतात.

महाराष्ट्र झाला, आणि हळूहळू कचेऱ्यांचं काम मराठीत येऊ लागलं. कोर्टात नवे जज्जसाहेब आले. त्यांना हाताचं लिखाण वाचवत नसे. मराठीत नीट टाईप केलेला कागद आणि सोबत प्रत्येक पक्षाला एकेक नक्कल, असं ज्याचं असेल त्याचं काम आधी. वकील मंडळींची पंचाईत झाली. इंग्रजीचे टायपिस्ट होते, मराठीचे दोनच. एक सहदेव, आणि दुसरा एक म्हातारा, जो वर्षातले सहा महिने कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला गेलेला असायचा.

मग सहदेवच्या डोक्यात एक गोष्ट आली. वकिलांनीच का शिकू नये? नुसतं बोटं मारणं नाही, सगळं. समास किती सोडायचा, म्हणजे दोरा ओवला तरी मजकूर शिवला जाणार नाही. कार्बन कसा लावायचा. एकाच नोटिशीच्या ढीगभर प्रती काढायला स्टेन्सिल कशी कापायची. चूक झाली तर खरडायचं नाही, रेघ मारायची आणि बाजूला सही करायची, म्हणजे उद्या कुणी म्हणणार नाही की मागाहून बदललं. त्यानं रीतसर अर्ज केला. "बारच्या खोलीत रोज सकाळी एक तास वकील मंडळींस मराठी टंकलेखन व कागदपत्रांची रीत शिकविण्यास परवानगी मिळावी." अर्ज इतका देखणा की मी म्हटलं, "भाऊ, याले चौकट करून भिंतीवर लावा."

"भिंतीवर नाही, टेबलावर पाह्यजे," तो म्हणाला. "मले त्या खोलीत जाऊन शिकवायचं हाये."

त्या खोलीत जायचं, यातच सगळं होतं. आठ वर्षं तो तिच्या दारापर्यंत जाऊन कागद देऊन परत येत होता. आत खुर्च्या वकिलांच्या.

अर्ज बारचे अध्यक्ष वामनराव वकील यांच्याकडे गेला. वामनराव म्हणजे मोठं प्रस्थ. आवाज असा की दिवाणी कोर्टात उलटतपासणी चालली की फौजदारीतले साक्षीदार खरं बोलू लागत. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवला. "टायपिस्ट वकिलाले शिकवणार? पाहू." आणि पाहू पाहू करत दिवाळी आली.

पण गंमत पुढेच आहे.

दिवाळीनंतर एके सकाळी मी वांगी तोडत होतो. पाहतो तर वामनराव हातात कापडी थैली घेऊन मळ्यात उभे. स्वतः. नोकर नाही, कुणी नाही.

"पुंजाराम, ताजी वांगी आहेत काय?"

"आहेत ना साहेब. पण तुमी कायले आले? गड्याले पाठवायचं."

"डॉक्टरनं चालायला सांगितलंय." मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाले, "या कुंपणातून पलीकडे जाता येतं काय?"

मी कुंपणाच्या काटेरी बोराट्या बाजूला केल्या. वामनराव धोतर सावरत आत घुसले. थोड्याच वेळात पलीकडून एका बोटाची टकटक सुरू झाली. टक. मग इतका वेळ काही नाही, की मला वाटलं झोपले. मग टक.

दोन दिवसांनी शेषराव वकील आले. तरणाबांड गडी, सासऱ्यानं लग्नात अमरावतीहून नवंकोरं मराठी यंत्र दिलेलं. बडनेऱ्याहून रेल्वेनं आलं ते, आणि तेव्हापासून घरात विणलेल्या रुमालाखाली देवासारखं बसलेलं. त्यांनाही वांगी पाहिजे होती. नंतर एक बार्शीटाकळीचे वकील, एक अकोटचे. सगळे थैली घेऊन. कुणाची वेळ साडेसहाची, कुणाची सातची, कुणाची साडेसातची. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मास्तरनं कुणाजवळ कुणाचं नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. मी गप्प बसलो, ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ.

कोर्टात हीच मंडळी "ए तायडे, माझं आधी" म्हणून ओरडायची, आणि तो "हो साहेब" म्हणायचा. आमच्या कुंपणापलीकडे मात्र सगळं उलटं. तिथं तो "वामनराव" म्हणायचा आणि ते "हो मास्तर" म्हणायचे. हातावर पंचा टाकून तो त्यांच्या बोटांखालच्या कळा झाकायचा, "पाहायचं नाही, बोटाले कळलं पाह्यजे." सरावाला एकच ओळ द्यायचा. "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे." वामनरावांनी ती दोनशे वेळा मारली. इतकं खरं त्या माणसानं उभ्या वकिलीत कधी लिहिलं नसेल.

मैनाबाईला हे पसंत नव्हतं. एकदा चहा देता देता ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी चोरी केली काय? मंग हे लोकं चोरावानी काहून येतात? शिकायचं तं समोरून या म्हणा."

सहदेव कपावर बोटं वाजवत म्हणाला, "येतील."

"कधी? अमरावतीवाले वाट पाहून राहिले."

ती गोष्ट अशी होती. अमरावतीच्या त्याच जुन्या क्लासाचा मालक आता थकला होता. त्यानं पत्र पाठवलं होतं, की येऊन सगळं सांभाळ, आठ यंत्रं आहेत, दारावर तुझं नाव लावतो, जानेवारी संपायच्या आत कळव. सहदेवनं ठरवलं होतं, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बारची सभा आहे, तिथं अर्ज निघाला तर इथंच, नाही निघाला तर अमरावती. त्याच्यासारखा शेजारी गेला तर मी कुंपणापाशी बसून पाहू काय, भेंड्या?

आणि नेमकं आमच्याच घरानं सगळं बिघडवलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू वामनरावांच्या घरी होतं. त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, शेवंतीची फुलं मागवली होती. पार्बता टोपली घेऊन गेली. तिथं वकिलांच्या बायका जमलेल्या. बोलता बोलता दुर्गाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे काय बाई, रोज वांगी. भरली, भाजलेली, वाळवलेली. यांना वेडच लागलंय."

शेषरावांची बायको म्हणाली, "आमच्याकडेही तेच!"

बार्शीटाकळीच्या वकिलीणबाई म्हणाल्या, "आमच्या पोरांना तर अंगावर खाज सुटली."

सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. आणि आमची पार्बता, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती हसून म्हणाली, "अवो बाई, वांगे तं निमित्त हाये. सकायी सकायी तुमचे मालक आमच्या कुंपणातून घुसतात, अन् तायडे मास्तरच्या घरी टकटक शिकतात. सगळे!"

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला.

"काहून बोलली?"

"मले काय माहीत, बायकोपासून लपवून ठेवते म्हून? वांग्यापायी आमचं नाव खराब होऊन राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी मळ्यात कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कोर्टात म्हणे वकील एकमेकांची नजर चुकवत होते, आणि जे शिकायला येत नव्हते ते जाता येता विचारत होते, "काय वामनराव, वांगी कशी आहेत?" वामनराव चिडले. त्यांनी बाररूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, की आपण कुणाकडे काही शिकायला गेलो नव्हतो, मळ्याची जागा पाहायला गेलो होतो. म्हणजे अर्जाचं काय होणार ते दिसतच होतं.

मी सहदेवकडे गेलो. म्हटलं, "भाऊ, चूक आमची. पार्बतेनं तोंड उघडलं."

तो यंत्राच्या अक्षरांत अडकलेली शाई टाचणीनं काढत होता. "बोलली ते खोटं होतं काय?"

"खोटं नव्हतं."

"मंग झालं," तो म्हणाला. पण त्याची बोटं त्या दिवशी कशावरही वाजली नाहीत. मैनाबाई पेटी उतरवून कपडे घडी करू लागली होती.

सभेच्या आदल्या गुरुवारी मैनाबाईनं मला कोर्टात सहदेवचा डबा न्यायला सांगितला. पार्बतेच्या चुकीचा दंड म्हणून हे काम महिनाभरासाठी माझ्याकडे आलं होतं. दहा वाजले असतील. सहदेव यंत्रावर बसलेला, समोर तिघं जण रांगेत. गंगूबाई नावाची एक म्हातारी, तिचा वाटणीचा अर्ज. मागे दोन शेतकरी. म्हातारा टायपिस्ट नेहमीप्रमाणे अकोटला लग्नाला गेलेला. सहदेवच्या शेजारी त्याचं दुसरं यंत्र होतं, जुनं, मेणकापडाखाली झाकलेलं. वर्ग मिळाला तर लागेल म्हणून त्यानं ते आणून ठेवलं होतं.

तेवढ्यात वामनराव आले. आले म्हणजे धावत आले. टोपी हातात, घाम कानशिलावर.

"तायडे! हे लगेच मारून दे. अकरा वाजता कैफियत दाखल करायची आहे, आज शेवटचा दिवस."

कैफियत म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर. वामनरावांनी ती घरी, नुकत्याच आणलेल्या यंत्रावर, स्वतःच टाईप केली होती, कारण आता मास्तरकडे जायची लाज आणि दुसरा टायपिस्ट गावाला. दोन पानं, तीन नकला. मेहनत केली होती बिचाऱ्यांनी. पण प्रत्येक पानाला कार्बन उलटा लावलेला. शाईची बाजू नकलेकडे पाहिजे, ती यांनी मुख्य कागदाकडे केली. त्यामुळे नकला समोरून कोऱ्या करकरीत, आणि मुख्य कागदाच्या पाठीवर सगळा मजकूर आरशात पाहावा तसा उमटलेला. सहदेवनं एक पान उजेडात धरलं. पुढून सुलटं, मागून उलटं, मधे वामनरावांची सही.

मला हसू येत होतं, पण डबा घट्ट धरून उभा राहिलो.

"साहेब," सहदेव म्हणाला, "या तिघांचीही मुदत आजचीच हाये. ते सकाळपासून बसले."

"मी अध्यक्ष आहे बारचा!"

गंगूबाई म्हणाली, "असन बापा. पण माझा नंबर पह्यला हाये."

वऱ्हांड्यात माणसं थांबली. शिपाई थांबला. शेषराव वकील खांबाआडून डोकावले. वामनरावांनी घड्याळ पाहिलं. सवादहा.

सहदेवनं शांतपणे दुसऱ्या यंत्रावरचं मेणकापड काढलं, स्टूल ओढून दिलं आणि म्हणाला, "हे रिकामं हाये. बसा. तुम्हाले येतं."

क्षणभर काही कळेना काय होईल. कोर्टाच्या वऱ्हांड्यात, पत्र्याखाली, पक्षकारांसमोर, बारचे अध्यक्ष स्टुलावर? वामनरावांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग कोट काढून माझ्या अंगावर फेकला, जणू मी खुंटी. आणि बसले.

सहदेव आपल्या यंत्राकडे वळला. गंगूबाईचा अर्ज मारू लागला. पलीकडे वामनरावांनी कागद रुळावर चढवायला घेतले. मान न वळवता सहदेव म्हणाला, "कार्बन."

वामनरावांनी कार्बन फिरवला.

दोन्ही यंत्रं चालू झाली. एक पावसासारखं सलग, दुसरं छपरातून गळणाऱ्या थेंबासारखं. सहदेव स्वतःचं काम करत होता आणि कानानं त्यांचं ऐकत होता. अधूनमधून, जसा घरी बोलायचा तसाच, बोलत होता. "घंटी वाजली, ओळ बदला." "करंगळी उपाशी ठेवून राहिले, तिलेही काम द्या." "ऱ्हस्व वेलांटी आधी. अक्षर मागून." आणि मग, कामाच्या नादात, "नाही वामनराव, खोडू नका. रेघ मारा अन् सही करा."

कोर्टात त्यानं वकिलाला नावानं हाक मारलेली आजवर कुणी ऐकली नव्हती.

आणि वामनराव, नाक यंत्रात घातलेले, बोट वेलांटीवर अडकलेलं, तितक्याच नादात म्हणाले, "हो मास्तर."

त्यांच्या लक्षात यायला अर्धी ओळ लागली. मान वर केली. सगळे पाहत होते. शेषरावांनी तोंडावर हात ठेवलेला. त्या वेळी वामनराव ओरडले असते तर मला नवल वाटलं नसतं. पण अर्धं पान अजून बाकी होतं, आणि पावणेअकरा व्हायला आले होते. त्यांनी शेषरावांना दरडावलं, "दात काय काढतोस? इकडे ये, पानांवर आकडे टाक. समास मास्तरनं शिकवलाय ना तुलाही? का नुसतीच वांगी खाल्ली?"

शेषराव आले. बार्शीटाकळीचे वकीलही आले, नकला जुळवायला. अकोटवाल्यांनी सुईत दोरा ओवला. दहा पंचावन्नला रांगेतल्या तिघांचे अर्ज आणि वामनरावांची कैफियत, सगळं तयार झालं. वामनरावांच्या कागदावर सात ठिकाणी रेघा आणि सात सह्या होत्या, पण नकला स्पष्ट होत्या. ते कोट घालायला माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या दहाही बोटांना जांभळी शाई होती. कोट तसाच घातला. कॉलरवर अजून डाग आहे. दुर्गाबाईंनी पार्बतेला मुद्दाम दाखवला.

शनिवारी सभा झाली. मी तिथं नव्हतो, पण खिडकीखाली हार विकायला बसायला कुणाची बंदी नाही. वामनरावांनीच खिशातून तो पाच महिन्यांचा अर्ज काढला. घड्यांवर फाटलेला. एक जण मागून म्हणाला, "पण वामनराव, टायपिस्ट वकिलांना शिकवणार, हे बरं दिसतं काय?"

वामनराव म्हणाले, "शिकवणार नाही. शिकवून राहिला. आपण फक्त त्याले जागा देऊन राहिलो."

हात वर झाले. शेषरावांनी तर दोन्ही केले.

सोमवारी नऊ वाजता सहदेव त्या खोलीत शिरला. मी दोन्ही यंत्रं हातगाडीवर घालून आणून दिली, म्हणून मला सगळं पाहता आलं. दारात तो जरा थबकला. सवयच ती, आठ वर्षांची. मग आतून शेषराव म्हणाले, "या मास्तर, सगळे आले आहेत." नऊ वकील होते. त्यानं खांद्यावरचा पंचा काढून पहिल्या यंत्राच्या कळांवर टाकला आणि विचारलं, "पहिले कोण बसते?" इतका वेळ खटल्यांच्या गप्पा मारणारी ती मंडळी शाळेतल्यासारखी एकमेकांना कोपरानं ढोसू लागली.

संध्याकाळी तो मळ्यात आला. वाफ्यांकडे जाणाऱ्या धोऱ्याच्या पाण्यात पाय सोडून बसला. मैनाबाई आणि पार्बता आत बडबडत होत्या, पेटी परत माळ्यावर चढवून झाली होती. मी विचारलं, "कसे हायेत नवे इद्यार्थी?"

"दोन बरे हायेत. बाकीच्यांना वाटते, जोरात मारलं म्हणजे अक्षर पटतं. न्यायालयातली सवय हाये ती."

"अन् अमरावतीचं?"

"पत्र टाकलं दुपारी."

"काय लिहिलं?"

त्याची बोटं बांधाच्या दगडावर वाजत होती, हलकेच, एका लयीत.

"लिहिलं, की यायले जमत नाही. इथं वर्ग चालू हाये."